रफूवाली आणि फाटका आवाज

रफूवालीच्या दुकानाला पाटी नव्हती. काचेच्या दारामागे एक काळा लोकरी कोट टांगलेला असायचा, तीच तिची पाटी. त्या कोटाच्या बाहीला एके काळी सिगारेटने जळालेलं भोक होतं. नवं गिऱ्हाईक आलं की ती कोट खुंटीवरून उतरवायची, त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "शोधा." माणूस बाही उजेडाकडे धरायचा, उलटी करायचा, डोळे बारीक करून बघायचा, बोटांनी चाचपायचा. शेवटी कोट परत देताना त्याचा चेहरा जरा पडलेला आणि जरा सुखावलेला असायचा. मग तो आपला फाटका कपडा मुकाट्याने टेबलावर ठेवायचा. दुसरं काही बोलायची गरज पडत नसे.

ही विद्या तिला मावशीने दिली. मावशी बोलायची कमी. तिने शिकवलं ते एवढंच की भोक बुजवायला बाहेरचा दोरा आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, धागा काढायचा आणि उभ्याआडव्या विणीत असा परत घालायचा की कपड्यालाही आपण कधी फाटलो होतो हे आठवू नये. रफूवालीने हे बोटांत मुरवून घेतलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर सुयांची एक पत्र्याची डबी आली. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, त्यावर ती डबी ठेवली, आणि ती खोली दुकान झाली.

नवरा लाकडाच्या गिरणीचा ट्रक चालवायचा. घरी कमी, रस्त्यावर जास्त. घरात उरायची ती, सासूबाई आणि धाकटा दीर. धाकटा त्याच गिरणीत करवतीवर होता. दिवसभर ओंडके कापायचा आणि केसांत भुसा घेऊन घरी यायचा. चहा घ्यायचा, आईची दोन बोलणी खायचा आणि मागच्या खोलीत जाऊन गिटार वाजवायचा. पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत, बस. भिंतीच्या अलीकडे रफूवाली श्वास रोखून एकेक धागा ओढत असायची, आणि पलीकडून असा काही आवाज यायचा की डबीतल्या सुया किणकिण वाजू लागायच्या.

नवी होती तोवर तिने सोसलं. मग एकदा न राहवून विचारलं.

"भावजी, गिरणीतलं काम घरी आणता का तुम्ही?"

"गाणं आहे ते, वहिनी."

"असं होय. मला वाटलं, करवतीला खिळा लागला."

धाकटा हसला. तो कमी हसायचा, पण वहिनीच्या बोलण्याला हसायचा. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. गाण्याचं आणि तिचं मात्र जमायला बराच काळ गेला.

धाकट्याबरोबर दोघं होते. एक पोस्टमन, तो ड्रम वाजवायचा. दुसरा बेकरीवाला, तो बेस वाजवायचा, म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, जिचा आवाज कानापेक्षा पोटाला आधी लागतो. पोस्टमन पहाटेपासून गावभर पायपीट करून यायचा, तरी बसल्यावरही त्याचे पाय थांबायचे नाहीत. बेकरीवाल्याच्या कोपरापर्यंत पीठ असायचं. गिटारच्या पट्ट्यांमध्येही पीठ जाऊन बसलं होतं. तो फारसा बोलायचा नाही, आणि बोलला की थेट बोलायचा. तिघांनी मागच्या खोलीच्या भिंतींना भुशाची पोती लावली होती, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. मधल्या भिंतीलाही लावू, असं धाकटा दरवेळी म्हणायचा, आणि पोती दरवेळी संपायची. म्हणून बँडचं नाव त्यांनी 'भुसा' ठेवलं. सासूबाईंना ते नाव फार आवडलं. "डोक्यात जे भरलंय तेच नाव ठेवलं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना ऐकू कमी यायचं. त्यांना गाण्याची अडचण नव्हती. पोस्टमन ड्रम वाजवायला लागला की जमिनीतून ठेका त्यांच्या तळपायांना कळायचा, आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या अंगठा हलवायच्या. कुणी पाहिलं की थांबायच्या.

एकदा पोस्टमनच्या स्वेटरचं कोपर साफ गेलेलं रफूवालीला दिसलं. तिच्या घरात माणूस फाटका बसलाय हे तिला बघवेना.

"काढा तो स्वेटर. चहा होईस्तोवर देते."

"राहू द्या वहिनी."

"का? माझ्या हाताची भीती वाटते?"

"तुमच्या हाताची नाही हो. तुम्ही हात लावलात की तो नवा दिसेल. मग वाजवायला बसलो की लोक म्हणतील, पोस्टमन नटून आला."

तिला काही उमगलं नाही. मग धाकट्याने समजावलं. तो दारात टेकून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्या गाण्यांबद्दल इतकं बोलला.

"याला ग्रंज म्हणतात, वहिनी. ग्रंज म्हणजे मळ. नखाखाली साचतो ना, तसला."

"मग धुऊन का टाकत नाही?"

"तेच तर सांगतोय. धुवायचं नाही." तो जरा थांबला. "आधी दोन तऱ्हा होत्या. एक पंक. तीन सूर आले की झालं, तोंडाला येईल ते ओरडायचं, घाईघाईत, सगळ्या जगावर चिडून. दुसरी मेटल. ती जड. त्यात वाजवणारे पक्के तयारीचे, बोटं अशी पळवतात की लोक तोंडात बोट घालतात. कपडे चकचकीत, केस विंचरलेले. मग दूर कुठेतरी एका ओल्या, धुकट शहरात, जिथे आपल्यासारखाच लाकडाचा धंदा चालायचा, तिथल्या पोरांनी दोन्ही एकत्र केलं. पंकचा राग घेतला, मेटलचं वजन घेतलं, आणि चाल हळू केली. तारा सैल सोडल्या, की आवाज खाली जावा. आणि कारागिरी दाखवायची नाही, असं ठरवून टाकलं. येत असली तरी."

"येत असली तरी?"

"येत असली तरी."

हे रफूवालीला पटलं. कारागिरी दिसू न देणं तिला ठाऊक होतं.

"आणि ते मधेच कुजबुजता, मधेच ओरडता, ते काय?"

"ते त्याचं सगळ्यात मोठं लक्षण. कडवं असं म्हणायचं, जसं माणूस स्वतःशी बोलतो. बोलता बोलता आतलं काहीतरी धरवत नाही, आणि धरण फुटावं तसं ध्रुपद बाहेर पडतं. मग पुन्हा गप्प. माणूस असाच असतो ना वहिनी? दिवसभर ठीक आहे, ठीक आहे म्हणतो."

"तुमचा भाऊ असाच आहे," रफूवाली म्हणाली. "ट्रकमधून उतरला की आठवडाभर ठीक आहे."

तेव्हापासून ती काम करता करता ऐकू लागली. आवडीने म्हणावं असं नव्हे. पण पाऊसही कुणी आवडीने ऐकत नाही, तरी थांबला की कळतं, तसं तिचं झालं. कुठल्या गाण्यात कुजबूज किती लांबते, फुटायचं कुठे येतं, हे तिच्या बोटांना कळू लागलं. ध्रुपद येण्याआधी ती सुई हवेत धरायची. भिंतीतून ती जाडजूड, मळकट घरघर यायची, जणू कुणी जड कपाट फरशीवरून ओढतंय आणि ते कपाट रडतंय. डबीतल्या सुया थरथरायच्या. मग पुन्हा शांत झालं की ती धागा पुढे ओढायची. तिच्या रफूला त्या काळात एक ठेका आला होता. तिने तो कुणाला सांगितला नाही.

आणि त्या घरघरीचं कारणही तिला कुणी सांगितलं नाही. धाकट्याच्या गिटारचा आवाज एका लाकडी पेटीतून यायचा. पेटीत स्पीकर, आणि स्पीकरला कागदाचा गोल पडदा. बँड नवा होता तेव्हा जिन्यावरून पेटी उतरवताना बेकरीवाल्याचा पाय घसरला, पेटी कठड्यावर आदळली आणि तो पडदा फाटला. नवा आणू असं तिघांचं ठरलं. तोवर म्हणून धाकट्याने तसंच वाजवलं, आणि वाजवून झाल्यावर तिघं एकमेकांकडे बघत राहिले. त्यानंतर नव्या पडद्याचं नाव कुणी काढलं नाही. सगळी गाणी त्या फाटीवर बसवलेली होती. पेटीच्या तोंडावर जाळीचं कापड होतं, त्यामुळे फाट बाहेरून दिसत नसे.

असं चाललेलं असताना बेकरीवाल्याच्या बहिणीचं पत्र आलं. तिने दूरच्या शहरात स्वतःची बेकरी घातली होती आणि तिला भट्टीवर विश्वासाचा माणूस हवा होता. बेकरीवाल्याने सगळ्यांना चहावर सांगितलं.

"सोमवारी जातोय."

"परत कधी?" पोस्टमनने विचारलं.

"भट्टी विझत नाही रे. परत कसला येतो."

मग धाकटा म्हणाला, "मग गाणी टेपवर तरी घेऊ." एवढी वर्षं तिघांनी फक्त वाजवलं होतं. गावच्या जुन्या गोदामात आणि कुणाकुणाच्या अंगणात वाजवलं होतं, आणि साध्या टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट भरली होती, तिच्यात गाण्यापेक्षा खोकलाच जास्त ऐकू यायचा. तीच कॅसेट ऐकून एक रेकॉर्डिंगवाली बाई यायला तयार झाली. ती असल्या लहान बँडांकडे आपली गाडी घेऊन जायची आणि टेपचं मोठं यंत्र त्यांच्याच खोलीत मांडायची. तिला रविवार मोकळा होता. बेकरीवाल्याला सोमवारी जायचं होतं. म्हणजे जे व्हायचं ते त्या एका दिवसात, नाहीतर 'भुसा' कधी होता याला काही पुरावा उरणार नव्हता.

घरात आवराआवर सुरू झाली. शनिवारी पुरुष कामावर असताना सासूबाई मागची खोली झाडायला गेल्या. पेटी पुसताना जाळीचं कापड सुटून त्यांच्या हातात आलं, आणि आतल्या पडद्यातल्या फाटीतून त्यांचं बोट आरपार गेलं.

"अगं सूनबाई, हे बघ," त्यांनी हाक मारली. "सगळ्या गावाचं फाटलेलं तू शिवतेस, आणि घरच्या पोराच्या पेटीला भोक. उद्या ती बाई येऊन काय म्हणेल?"

रफूवालीने वाकून पाहिलं. बोटभर लांबीची फाट, कडा झिजून मऊ झालेल्या. तिच्या मनात आलं, किती वर्षं हे पोर फाटक्यावर वाजवतंय, आणि भिडेखातर मला म्हणालं नाही. उद्या एवढा मोठा दिवस. बेकरीवाला जाणार, त्याला तरी काय देणार आपण?

तिने दुकान बंद केलं. कागदावर रफू तिने कधी केलं नव्हतं, म्हणून आधी रद्दीवर हात बसवला. मग सगळ्यात बारीक सुई आणि रेशमाचा एक पदर घेऊन फाटीच्या कडा अशा गुंफल्या की कडेला कड भिडली. मागून पातळ टिश्यू कागद, पातळ केलेल्या गोंदात भिजवून, फुंकर घालत बसवला. वरून काजळीने रंग मिळवला. ऊन उतरेपर्यंत ती वाकलेली होती. उठली तेव्हा पाठ मोडल्यासारखी झाली होती आणि मन पिसासारखं हलकं होतं. इतकं बारीक काम तिने त्या काळ्या कोटावरही केलं नव्हतं.

"दिसतंय का कुठे?" तिने सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. "बोट घालून बघू?"

"नको."

रविवारी सकाळी रेकॉर्डिंगवाली आली. उंच, केस आखूड, बोलणं मोजकं. तिने खोलीभर माइक उभे केले आणि तारांचं जाळं पसरलं. भुशाची पोती पाहून तिने मान डोलावली. "चांगली खोली आहे," म्हणाली. "हिला काही करू नका." रफूवालीने सगळ्यांना चहा दिला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. समोर एका गिऱ्हाइकाची लोकरी शाल होती. तिने सुई हातात घेतली, पण लक्ष सगळं भिंतीकडे होतं. आता वाजवतील, आता आश्चर्याने विचारतील.

पलीकडे धाकट्याने तार छेडली. मग थांबला. पुन्हा छेडली. बटणं फिरवल्याची टिकटिक ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त जाळीचं कापड काढल्याची खरखर. मग पोस्टमनचा आवाज आला, नको तितका मोठा.

"वहिनी, पेटी काय झकास केलीत हो. आवाज अगदी स्वच्छ आलाय. धुऊन इस्त्री केल्यासारखा."

"आवडलं ना?" तिने इकडूनच विचारलं.

"फारच," धाकटा म्हणाला. "फार बारीक काम आहे, वहिनी."

तिला बरं वाटलं. पण वाटायला लागलं आणि कुठेतरी अडलं. पोस्टमन खोटं बोलतो तेव्हा मोठ्याने बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं. कुजबूज आली, ओळखीची, तशीच. तिने सुई हवेत धरली. ध्रुपद आलं. धाकटा गळा फोडून ओरडला, ड्रम कोसळले, बेसने भिंत हलवली, आणि त्या सगळ्याच्या मधोमध गिटार चांगल्या घरच्या पाहुण्यासारखी नीट, गोड वाजत राहिली. डबीतल्या सुया गप्प होत्या.

ती डबीकडे बघत राहिली. घर सोडून गेलेल्या माणसाची जागा दिसावी तशी तिला ती घरघर दिसली, नव्हती म्हणून. आणि तिला कळलं की आपल्याला ती हवी आहे. कधीपासून हवी आहे, कुणास ठाऊक.

गाणं मधेच तुटलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा तुटलं. मग रेकॉर्डिंगवाली बोलली. "कॅसेटवर गिटार अशी नव्हती. खरं सांगायचं तर मी त्या गिटारसाठी आले."

"आज अशीच आहे," धाकटा म्हणाला.

"काय बदललंय?"

"काही नाही. हवा दमट आहे."

"माझ्याकडे आवाज खराब करायची एक छोटी पेटी आहे. मधे लावून बघू?"

त्यांनी लावून पाहिली. आवाज खरखरला, पण विकतच्या पावडरसारखा, सगळीकडून सारखाच. "नको," धाकटा म्हणाला. "असंच घेऊ. जाऊ दे."

जाऊ दे हे शब्द रफूवालीला लागले. तो कधी असं म्हणायचा नाही. तिने शाल घडी करून बाजूला ठेवली आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भावजी, मी काय बिघडवलं?"

"कुठे काय, वहिनी."

"हवा दमट असती तर माझा धागा फुगला असता. तो कोरडा आहे."

धाकटा खाली बघू लागला. पोस्टमनने घसा खाकरला. "त्याचं असं आहे वहिनी, म्हणजे तुम्ही जे केलंत ते उत्तमच, त्यात वादच नाही, फक्त संगीताच्या दृष्टीने बघायला गेलं तर..."

"फाट हवी होती," बेकरीवाला म्हणाला.

दारामागून सासूबाई आल्या होत्या, त्यांना हे कसं कोण जाणे नीट ऐकू गेलं.

"त्यात बोट मी घातलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला बोलू नका."

"कुणी बोलत नाहीये, आई," धाकटा म्हणाला. "म्हणून तर हवा दमट म्हणालो."

रफूवालीचे कान तापले. आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम, आणि ते कुणाला नकोच होतं. क्षणभर तिला वाटलं, परत दुकानात जावं आणि दार लावून घ्यावं. तेवढ्यात तिची नजर बेकरीवाल्याकडे गेली. तो बेसच्या तारा फडक्याने पुसत होता. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. आज त्याने पीठ आधीच धुऊन टाकलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत, की ती मुद्दाम आहे?"

"मुद्दाम नव्हती," धाकटा म्हणाला. "आपोआप झाली होती. आम्ही फक्त तशीच राहू दिली."

ती दुकानातून बारीक कात्री आणि पातं घेऊन आली, एक खोकं उलटं करून पेटीसमोर बसली. दुसऱ्यांची वेडीवाकडी शिवण तिने हजारदा उसवली होती. स्वतःची कधी नाही. हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. मग तिने पहिला टाका तोडला, आणि दुसरा सोपा गेला.

पण रेशीम निघालं तरी फाट उघडेना. गोंदाने कडा धरून ठेवल्या होत्या. ओढलं असतं तर पडदा उभा चिरला असता. इतकं पक्कं काम केल्याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"जुनी फाट काही परत येत नाही," ती म्हणाली. "शेजारी नवी घालावी लागेल. कुठवर कापू?"

धाकट्याने मान हलवली. "मला नाही सांगता येणार. मी तर तिच्यासमोर उभा असतो, वाजवण्यात असतो."

"मी सांगू शकेन," रफूवाली म्हणाली. "पण इथून नाही. भिंतीपलीकडून."

पोस्टमनला हसू आलं, पण ती थट्टा करत नव्हती. तिने पात्याने पडद्यावर नखाएवढी चीर दिली, पुढच्या खोलीत गेली, टेबलाशी बसली आणि सुई हातात धरली, रोजच्यासारखी. "वाजवा," तिने हाक दिली. पलीकडून ध्रुपद आलं. नुसतंच घोगरं. ती परत आली, चीर धाग्याएवढी वाढवली, पुन्हा गेली. आता कुठेशी कुरकुर होती. पुन्हा आली. सासूबाईंना वाटलं सूनबाईचं डोकं फिरलं. त्या दारात उभ्या राहून तिला जाऊ-येऊ देत होत्या. रेकॉर्डिंगवाली भिंतीला टेकून उभी होती आणि बघत होती. तिने नंतर पोस्टमनला सांगितलं, की असं तिने कुठे पाहिलं नव्हतं.

एका खेपेला चीर जरा तिरकी गेली, कडेकडे. आता फाटला तर संपलं. ती टेबलाशी जाऊन बसली.

"वाजवा."

आवाज आला आणि भिंतीतून तिच्या छातीवर आदळला. जड, मळका, मागून ओढल्यासारखा. डबीतल्या सुया खणखणल्या. त्या आवाजाच्या आत आणखी एक बारीकशी फुरफुर होती, पूर्वी नसलेली, पक्षी कागदाच्या पिशवीत अडकावा तशी. ती परत धावली. पडद्याला रेशमाचं एक टोक चिकटून राहिलं होतं, तेच थरथरत होतं.

"थांबा, ते काढते," ती म्हणाली.

"राहू द्या," धाकटा म्हणाला. त्याने तार पुन्हा एकदा छेडली आणि आवाज पूर्ण विझेपर्यंत ऐकला. "जुना नाही हा."

"नाही."

"पण मळका आहे."

"तो आहे," रफूवाली म्हणाली, आणि खोक्यावरून उठली.

बेकरीवाल्याने फडकं खिशात कोंबलं. "चला मग," म्हणाला. त्याच्यासाठी एवढं बोलणं पुष्कळ होतं.

रेकॉर्डिंगवालीने तिला आतच बसा म्हटलं. पण रफूवाली नको म्हणाली. "मला इथून काही कळत नाही, माझे कान पलीकडे आहेत." ती टेबलाशी गेली, शाल उलगडली, दुमडीतून धागा काढला. पलीकडे पोस्टमनने काठ्या आपटून ठेका दिला. कुजबूज सुरू झाली. सासूबाईंनी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली आणि पाय जमिनीवर सपाट ठेवले. या वेळी कुणी बघतंय म्हणून त्यांचा अंगठा थांबला नाही.

ध्रुपद फुटलं. रफूवालीने सुई हवेत धरली आणि डोळे मिटले. धाकटा ओरडत होता ते शब्द तिला आजवर नीट कळले नव्हते, आजही कळले नाहीत. करवत, एकटेपणा, घरी यायचा रस्ता, असं काहीतरी. पण पोटातलं सगळं बाहेर येत होतं, आणि ते येताना कुणी पुसत नव्हतं, हे तिला कळत होतं. बेस खालून भिंत धरून होता. उद्या तो नसेल. आज होता, आणि टेप फिरत होती.

दुपार चढली. गाण्यामागून गाणं होत गेलं. एकदा पोस्टमनचा ठेका चुकला आणि तिघंही हसत सुटले. रेकॉर्डिंगवालीने ते हसू टेपवर राहू दिलं. एकदा सासूबाई शिंकल्या, तेही राहिलं. मधे एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, आतला गोंधळ ऐकून बिचकलं. रफूवालीने ओठांवर बोट ठेवून त्याला खुर्ची दाखवली. तो माणूस टोपी हातात घेऊन बसला आणि एक अख्खं गाणं संपेपर्यंत हलला नाही. मग उद्या येतो, असं खुणेनेच सांगून गेला.

शालीचं भोक बुजत आलं होतं. शेवटचे दोनचार धागे राहिले होते, पण ती घाई करत नव्हती. पलीकडे कुणीतरी पाणी प्यायलं, कुणीतरी तार सैल सोडली. बेकरीवाल्याचा आवाज आला, "पुन्हा पहिल्यापासून घे." आणि धाकटा म्हणाला, "घेतो. अजून दोन गाणी आहेत."